मोटारीच्या हाती लय

फ्लॉपी गेली, पण तिच्या ड्राइव्हची कुरकुर पोलंडच्या पावेल झाद्रोझ्नियाक या अभियंत्याने वाया जाऊ दिली नाही. 2011 मध्ये त्याने दोन ड्राइव्हवर ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाची धून वाजवली. 2022 मध्ये त्याच्या ‘फ्लॉपोट्रॉन’मध्ये 512 ड्राइव्ह होते, शिवाय ठेक्याला हार्डडिस्क, साथीला स्कॅनर. आपल्याकडे एवढा पसारा कुणी घरात मांडला तर आई भंगारवाल्याला हाक मारेल.

गंमत ड्राइव्हच्या पोटात आहे. आतली स्टेपर मोटार विजेच्या प्रत्येक झटक्याला चकती वाचणारं हेड एकेक पाऊल सरकवते. सेकंदाला 220 पावलं पडली की 220 हर्ट्झचा सूर. पण चकतीवर वाटा 80च! सूर लांबवायचा तर हेडने टोकाला जाऊन वळायचं, परत वळायचं. जेवणानंतर दिवाणखान्यात शतपावली घालणारे आजोबाच ते, फक्त भलतेच घाईत.

म्हणजे सूर निघतो तो वेगातून, आणि वेग कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून. डॉन लेस्ली या अमेरिकन गृहस्थाने हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनसाठी कपाटवजा स्पीकर केला. वर फिरता कर्णा, खाली फिरता ढोल. कर्ण्याचं तोंड आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. खुद्द ऑर्गनचे जनक लॉरेन्स हॅमंड यांना हे खूळ पसंत नव्हतं; वादकांना मात्र त्याने वेड लावलं. पुढे मंद आणि जलद असा खटका आला, तेव्हा तर विचारूच नका. खटका दाबला की हलका कर्णा चटकन वेग घेतो, जड ढोल मागून धापा टाकत येतो. खरी मजा त्या मधल्या दोन-चार क्षणांत असते.

आपल्या देवळांतलं आरतीचं यंत्रही याच कुळातलं. मोटार, पट्टा, नगाऱ्यावर पडणाऱ्या टिपऱ्या, झांजा, घंटा. बटण दाबलं की दणदणाट सुरू. पण बऱ्याच ठिकाणी त्याची गती एकच. विठोबाच्या आरतीत एखादे काका दम संपेपर्यंत स्वर ताणतात. यंत्राला त्याचं काय? शेवटी काकाच धावत ठेक्याला गाठतात.

विश्वस्त मंडळींना विनंती: यंत्र काढू नका, संध्याकाळी पुजारी बिचारे एकटेच असतात. फक्त गती कमी-जास्त करायची सोय करा, आणि ती कळ आरती म्हणणाऱ्याच्या हाताशी बसवा.