राणीसाहेब, आमचं अंगण सोडा

परदेशी लाल मुंगीच्या राणीस,

पत्राच्या मायन्यात मान द्यायची रीत आहे, म्हणून वर 'राणीसाहेब' लिहिलं. आदर वाटावा असं तुझ्याकडून काही घडलेलं नाही, तेव्हा इथून पुढे सरळ 'तू' म्हणते. हे पत्र उघड्यावर लिहिते आहे, कारण तुझ्या मुलींनी ज्यांचे पाय फोडून काढले त्यांनी ते वाचायला हवं, आणि ज्यांच्या दारात तू उद्या उतरशील त्यांनी तर नक्कीच.

आधी एक सांगते, आम्ही मुंग्यांचे वैरी नाही. वारुळाच्या तोंडाशी पीठ-साखर घालणाऱ्या घरात मी वाढले. नागपंचमीला वारुळाला हात जोडले. कोकणात आंब्याची पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांनीही मला भरपूर फोडलं आहे. पण त्यांना नांगी नसते. त्या चावतात, चावलेल्या जागी आम्ल सोडतात आणि आपण झाडावरून उतरलो की विषय संपतो. झाड त्यांचं, आगाऊपणा आपला.

तुझी गोष्ट निराळी. तुझी कामकरी मुंगी आधी जबड्याने कातडी घट्ट धरते, मग पोट वाकवून नांगी खुपसते, आणि जबडा न सोडता तिथल्या तिथे गोल फिरत पुन्हा पुन्हा खुपसते. माणसाला डंख मारला की मधमाशी जिवाला मुकते. तुझ्या मुलींना असली काही किंमत मोजावी लागत नाही. त्यांच्या विषाचा 95 टक्क्यांच्या आसपासचा भाग अल्कलॉइडांचा. आग आणि फोड ही त्यांची करणी. उरलेल्या थेंबभर भागात प्रथिनं असतात, आणि काही थोड्या माणसांना त्यांचीच ॲलर्जी होऊन श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो.

माझी आई पुण्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला आली तेव्हा सकाळी अनवाणीच मागच्या अंगणात गेली, तुळशीला पाणी घालायला. कुंडीला टेकून भुसभुशीत मातीचा एक उंचवटा होता. त्यावर एकही भोक नव्हतं. तुझ्या वारुळाला वरून दार नसतंच, तुम्ही जमिनीखालच्या बोगद्यांतून दूरवर बाहेर पडता. आईला वाटलं, कुंडी भरताना माती सांडली असेल. तिने ती पायानेच सारखी केली. "अगं, पाय भाजतोय गं!" हे मला ऐकू आलं तोवर तुझ्या मुली घोट्याच्या वर चढल्या होत्या. नळाखाली पाय धरून उपयोग झाला नाही, एकेक चिमटीने ओढून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी डंखाच्या प्रत्येक जागी पांढऱ्या तोंडाची पुळी उभी राहिली, काही ठिकाणी अर्धवर्तुळात, कारण एकाच मुंगीने फिरून फिरून मारले होते. त्या पुळ्यांत जंतू नसतात, पण खाजवून फोडल्या की बाहेरचे जंतू शिरतात. आई स्टुलावर पाय ठेवून बसली होती. म्हणाली, "या देशात तुळशीपाशी पण चपला घालून जायचं का?" या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्याकडे मागते आहे.

आईला निदान पाय झाडता आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांना तुझ्या मुलींनी पलंगावर गाठल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. ज्याला हात हलवता येत नाही, कुणाला हाक मारता येत नाही, त्यालाही तुम्ही सोडलं नाही. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडत असतानाच मारलीत. गाईची वासरं जन्मतात ती ओली आणि अडखळत. तुम्ही त्यांच्या डोळ्यांपासून सुरुवात करता.

आणि हा सगळा मुलूख तुझा नव्हे. तुझं माहेर पाराग्वे आणि पाराना नद्यांच्या पूरमैदानात, अर्जेंटिना-ब्राझील-पाराग्वेच्या पट्ट्यात. तिथे तुला सासुरवास आहे. तिथल्या इतर मुंग्या तुला दाबून ठेवतात. शिवाय तिथे एक बारीकशी माशी आहे, जी तुझ्या कामकरणीच्या छातीत अंडं घालते. अळी सरकत सरकत डोक्यात जाते, आतलं सगळं खाते आणि शेवटी मुंडकं गळून पडतं. त्या माश्या तिकडेच राहिल्या आणि 1930च्या दशकात तू एकटी अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरलीस. 1942 साली तिथल्या एका रिकाम्या प्लॉटवर एका तेरा वर्षांच्या मुलाला तुझं वारूळ सापडलं. एडवर्ड विल्सन त्याचं नाव; पुढे तो जगातला सगळ्यात नावाजलेला मुंगीशास्त्रज्ञ झाला. आज अमेरिकेत 30 कोटी एकरांहून अधिक जमीन तुझ्या ताब्यात आहे.

एवढी जमीन तू मुंगीच्या पावलांनी घेतली नाहीस. उडून फार तर काही मैल जाशील. बाकीचं आम्ही केलं. नर्सरीच्या कुंड्यांतून, लॉनच्या गुंडाळ्यांतून, गवताच्या गठ्ठ्यांतून आणि मातीने बरबटलेल्या यंत्रांतून तुला ट्रकमध्ये बसवून राज्याराज्यांत पोचवलं. 1958 सालीच माती, रोपं आणि गवत यांच्या वाहतुकीवर अमेरिकेने बंधनं घातली, पण तोवर तू पसरली होतीस. नंतर कंटेनर आले. 2001 साली ब्रिस्बेन, 2003 साली तैवान, 2004 साली चीनचा ग्वांगदोंग प्रांत, 2017 साली जपानचं कोबे बंदर. 2023 साली इटलीतल्या सिसिली बेटावर सिराक्यूजजवळ तुझी 88 वारुळं मोजली गेली. 2011 साली तुझ्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा जगभरच्या बहुतेक नव्या वसाहतींचं मूळ दक्षिण अमेरिकेत न निघता अमेरिकेच्या दक्षिण भागात निघालं. म्हणजे तुला जगाला वाटण्याचं काम याच देशाने केलं, ज्या देशात मी घर घेऊन राहते.

भारताला तुझं कूळ नवीन नाही. तुझी चुलत बहीण, उष्ण कटिबंधातली लाल मुंगी, 16व्या शतकात मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून आशियात उतरली, हेही जनुकांवरूनच उलगडलं. आज ती आमच्याकडच्या शेतांत आणि अंगणांत रुळली आहे. न्हावा-शेवा बंदरात रोज कंटेनर उतरतात. तूही तिच्यामागे उतरू नयेस म्हणून तिथल्या तपासनिसांनी कंटेनरच्या तळाला चिकटलेली माती बघितल्याशिवाय पुढे सोडू नये, एवढंच माझं मागणं आहे. न्यूझीलंडने 2001 साली ऑकलंड विमानतळावर तुझं एक वारूळ वेळीच पकडलं आणि तुला हाकललं. एका वारुळापाशी गाठलं तर तू हरतेस.

उशीर झाल्यावर काय होतं ते अमेरिकेने करून दाखवलं. 1957 साली सरकारने विमानं काढली आणि लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशकं ओतली. लाव्हे मेले, इतर पक्षी मेले, गुरं आजारी पडली. रेचल कार्सनने 1962 साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात या मोहिमेचे वाभाडे काढले. मग मायरेक्स हे कीटकनाशक आलं, मक्याच्या भरड्यात तेलातून मुरवलेलं. ते मासळीत उतरलं, माणसाच्या चरबीत सापडलं आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस बंद करावं लागलं. या सगळ्यात तुझ्याशी झुंजणाऱ्या इथल्या मूळ मुंग्याही मेल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यांच्या आधी तू परतलीस. याचा राग मला तुझ्याइतकाच त्या विमानं धाडणाऱ्यांचाही येतो.

तुझ्या हिकमतीला मात्र मी नावं ठेवणार नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन बुडवलं, तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्यावर तपकिरी, चकाकती, ताटाएवढी चकती तरंगत आलेली मी पाहिली. काठीने ढकलायला गेले तर काठीवरून रांग वर चढू लागली आणि मी काठी टाकली. ती चकती म्हणजे एकमेकींना जबड्यांनी आणि पायांनी धरून ठेवलेल्या हजारो मुंग्या. मध्यभागी तू आणि तुझी अंडी-पिल्लं. अळ्यांच्या केसांत हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांची तराफ्याला तरंगायला मदत होते. जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली मांडलं की हे विणकाम इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. आणि अशा पुरात तुझ्या मुली डंखामागे नेहमीपेक्षा जास्त विष सोडतात. घरदार सोडून छातीभर पाण्यातून वाट काढणाऱ्या माणसांच्या वाट्याला तेही आलं.

तुझ्या घरातला न्याय मात्र बघवत नाही. पाऊस पडून ऊन पडलं की पंख फुटलेल्या राण्या आणि नर उडतात. हवेत जोडी जुळते, नर मरतात, तू पंख टाकून जमिनीत शिरतेस आणि पंखांच्या स्नायूंवर जगत पहिली पिढी वाढवतेस. कधी चार-पाच राण्या मिळून एकच बीळ करतात. मुली मोठ्या झाल्या की एक राणी ठेवून बाकीच्यांना मारतात, त्यात कधी त्यांची स्वतःची आईही असते. तुझ्या काही वसाहतींत मात्र पुष्कळ राण्या नांदतात; तिथे एका जनुकाचं ठरावीक रूप नसलेली राणी दिसली की कामकरणी तिला संपवतात. अशा वसाहती शेजारच्या वारुळाशी भांडत नाहीत, म्हणून तिथे तुमची दाटी विलक्षण होते.

इथले कुंपणावरचे सरडे तुझ्याशी जुळवून घ्यायला शिकले. जिथे तू फार वर्षं आहेस तिथल्या सरड्यांचे मागचे पाय लांबले आहेत आणि मुंगी अंगावर आली की ते अंग झटकून पळतात. सरड्यांना त्यासाठी कित्येक पिढ्या लागल्या. माझ्या आईला एकच सकाळ मिळाली.

तेव्हा मी काय करणार आहे ते ऐक. उकळतं पाणी ओतून बघितलं. तो उपाय दहातल्या सहा वेळा लागू पडतो आणि गवत हमखास मरतं. कोरडा मक्याचा भरडा टाकून मुंग्या फुगून मरतात, असं शेजारी सांगतात. ते खरं नाही, कारण तुझ्या मोठ्या मुली घन अन्न खातच नाहीत, फक्त द्रव पितात. घन कण पचवतात त्या तुझ्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या. कामकरणी दाणा आणून त्यांच्या तोंडाशी ठेवतात, त्या त्याचा रस करतात आणि तो रस सगळ्या घराला मिळतो, तुलाही.

शनिवारी सकाळी, पाऊस नसताना, वारुळापासून थोड्या अंतरावर मी बटाट्याचा एक वेफर ठेवीन. अर्ध्या तासात तुझ्या मुली त्यावर जमल्या, तर त्या चाऱ्याला बाहेर पडल्या आहेत असं समजून तेलात मुरवलेलं ताजं विषारी आमिष अंगणभर पातळ पसरीन. खवट झालेल्या आमिषाला त्या तोंड लावत नाहीत. वारुळाला धक्का लावणार नाही. त्या ते दाणे स्वतःच उचलून आत नेतील. असर दिसायला आठवडे लागतील, आणि मी थांबायला तयार आहे. मग उरलेली वारुळं एकेक करून बघीन. शेजारच्या तिन्ही घरांनाही त्याच दिवशी आमिष टाकायला तयार केलं आहे, म्हणजे तुला कुंपणाखालून सरकायला जागा राहणार नाही.

ह्यूस्टनहून,
तुझ्या वारुळाशेजारची घरमालकीण