फिदीफिदी, पुढील कार्यवाहीस्तव

आमच्या कचेरीतली एक कारणे दाखवा नोटीस आठवडाभर एका शब्दापायी अडकली होती. झालं असं, की बैठकीत साहेब ‘पारदर्शक कारभार’ म्हणायच्या ऐवजी ‘पारंपरिक कारभार’ म्हणाले. मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या शिपायाने ओठ घट्ट मिटले, पण हसू नाकातून निसटलं. फिस्स!

मसुदा माझ्याकडे आला. ‘आपण फिदीफिदी हसलात’ असं मी लिहिलं. हेडक्लार्क म्हणाले, “फिदीफिदी हसायला दोघं-चौघं तरी लागतात. हा एकटाच होता.” मग ‘फिस्सकन’ केलं, तर साहेबांनी शेरा मारला : ‘पंक्चर झाले काय?’ एकाने ‘अनुच्च अनादरदर्शक हास्य’ सुचवलं. ते वाचताना हेडक्लार्कच फिस्सकन हसले. त्यांना अर्थात नोटीस नाही.

कारण आपली मराठी हसण्याआधी हुद्दा बघते. साहेब हसतात ते गालातल्या गालात. संस्थेचे अध्यक्ष मिशीतल्या मिशीत, मिशी नसली तरी. शिपाई हसला की थेट दात काढतो. साहेबांनाही बत्तीस दात असावेत, पण भाषेने ते अदबीने झाकून ठेवले आहेत. आणि बाईमाणूस हसलं, तर विनोद कुणाचा होता हे न विचारताच ‘काय फिदीफिदी हसतेस!’ ‘काल मी फिदीफिदी हसलो’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. हा शब्द कायम दुसऱ्याच्या नावावर चढतो, पाणीपट्टीच्या थकबाकीसारखा.

शेवटी मी भरतमुनींना शरण गेलो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्यांनी हसण्याची चक्क वेतनश्रेणीच लावून दिली आहे. स्मित आणि हसित उत्तम माणसांसाठी, विहसित आणि उपहसित मध्यमांसाठी, अपहसित आणि अतिहसित अधमांसाठी. त्यातलं उपहसित म्हणजे नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे आणि मान आखडलेली. मुनी आमच्या बैठकीला हजर होते की काय! ‘आपण उपहसित केलेत’ असं लिहिलं. शब्द संस्कृत असल्याने साहेबांनी न वाचता सही केली.

काल खुलासा आला. शिपायाचा मुलगा संस्कृत घेऊन एम.ए. करतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. खुलासा असा : ‘आरोप मान्य आहे. तथापि उपहसित हे मध्यम प्रकृतीच्या माणसांचे हास्य असून, मी तसा असल्याचे कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी लेखी कळवले आहे. सबब मला त्या दिनांकापासून गट-ड मधून गट-क मध्ये धरावे व फरकाची रक्कम मिळावी, ही विनंती.’

फाईल साहेबांकडे आहे.