लेव्हलभाऊ

नागपुरात महाल घ्या, इतवारी घ्या, मानेवाडा घ्या, प्रत्येक वस्तीत एक लेव्हलभाऊ असतोच. वरच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून त्यानं स्टुडिओ थाटलेला असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठीचं भीमगीत असो की तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत वाजवायचं गाणं, त्याची तक्रार एकच: ‘काहून बे, आवाज कमी येऊन राहिला?’ मग तो सगळे फेडर वर ढकलतो, लाल दिवा लागतो, आणि काम फत्ते झालं समजून चहा मागवतो.

खरं तर त्याच्या गाण्यात आवाज कमी नसतो, भलत्याच आवाजांची गर्दी असते. डिजिटल रेकॉर्डिंगला शून्य डेसिबलचं छत आहे. त्यावर जाऊ पाहणाऱ्या लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि खरखर ऐकू येते. ढोलकीची एकच थाप छताला भिडली, की गायकाला वर आणायला जागा उरत नाही. म्हणून ती थाप कॉम्प्रेसरनं 2-3 डेसिबल दाबावी, गायकाच्या ट्रॅकमधला 80 हर्ट्झखालचा घुमारा काढावा, मगच गाणं उचलावं. अर्थात उचलताना सगळंच उचललं जातं, मे महिन्यातल्या कूलरसकट. दोन ओळींमध्ये गायक श्वास घेतो तेव्हा कूलर गाऊ लागतो, तोही कधीकधी गायकापेक्षा सुरात.

‘मोठं तेच चांगलं वाटते’ हा त्याचा बचाव अगदीच पोकळ नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मांडलं. आवाज वाढवला की तेच गाणं भरदार भासतं, म्हणून तर भाऊंच्या फायली ‘फायनल’वरून ‘फायनल 7’वर जातात. दोन्ही फायली सारख्या आवाजात ऐकल्या, तर पहिलीच बरी निघण्याचा धोका असतो. ‘यूट्यूबवर बाकीच्यांची गाणी दणक्यात वाजतात’ म्हणावं, तर सरासरी आवाजाच्या मापात साधारण उणे 14 एलयूएफएसच्या वर गेलेलं गाणं यूट्यूब स्वतःच खाली आणतं. खरखर तेवढी गाण्यातच राहते. मेटॅलिका या बँडच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवर खुद्द चाहत्यांनी याचसाठी बोंब मारली होती. मिरवणुकीत यूट्यूब नसतं, हे कबूल. पण तिथं डीजे असतो, आणि आवाज वाढवायला त्याला आजवर कधी सांगावं लागलेलं नाही.

तेव्हा भाऊ, लाटेला छताखाली रोखणाऱ्या लिमिटरची मर्यादा उणे 1 डेसिबलवर ठेवा, आणि गाणं होईस्तोवर तो कूलर बंद करा.