फोनला रीतभात शिकवताना

फोन वाजला की उचलावा, समोरच्याने ठेवला की आपणही ठेवावा, दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर आपलं सुरू करावं. या गोष्टी आपल्याला कोणी मुद्दाम शिकवल्या नाहीत, घरात बघून बघून आल्या. म्हणूनच त्या शिकवाव्या लागतात हे आपल्या ध्यानीमनी नसतं. ते लक्षात येतं लिनक्सच्या एखाद्या संगणकाला ऑफिसचं ईपीएबीएक्स करायला घेतलं की. भिंतीवरचा जुना डबा काढायचा, कोपऱ्यातल्या संगणकात ॲस्टरिस्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायचं, पीसीआय स्लॉटमध्ये टेलिफोनचं कार्ड बसवायचं आणि कार्डाच्या पाठीला टेलिफोनची लाइन जोडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण सेकंदाला कोट्यवधी बेरजा करणाऱ्या त्या यंत्राला फोन ही काय चीज आहे, याचा पत्ता नसतो. तो पत्ता देण्याचं काम कार्डाच्या ड्रायव्हरचं आणि ड्रायव्हरला सगळं समजावून सांगण्याचं काम आपलं.

हा उद्योग सुरू झाला तोच मुळी खिशात पैसे नसल्यामुळे. 1999 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी काढली. कंपनी म्हटली की फोनची यंत्रणा आली. ती परवडेना, म्हणून त्याने ती स्वतःच लिहून काढली. तीच ॲस्टरिस्क. तिकडे जिम डिक्सन या दुसऱ्या गृहस्थांना वेगळाच प्रश्न पडला होता. टेलिफोनच्या कार्डांवर आवाजाची आकडेमोड करण्यासाठी महागड्या चिप बसवलेल्या असत. साध्या संगणकाचा प्रोसेसर आता एवढा वेगवान झालाय, तर त्या हव्यात कशाला? त्यांनी कार्डावर लाइन जोडण्यापुरती सामग्री ठेवली आणि अक्कल सगळी सॉफ्टवेअरकडे सोपवली. प्रकल्पाला नाव दिलं एमिलियानो झापाटा या मेक्सिकन क्रांतिकारकाचं, आणि त्यावरून ॲस्टरिस्कला कार्डाशी जोडणारा ड्रायव्हर झाला झॅपटेल. पुढे बहुतेक क्रांत्यांसारखी हीदेखील कागदपत्रांत अडकली. झॅपटेल हा दुसऱ्याच कुणाचा ट्रेडमार्क निघाला आणि 2008 मध्ये ड्रायव्हरचं बारसं पुन्हा करून त्याला डाडी म्हणायचं ठरलं. जगभरच्या सिस्टिम व्यवस्थापकांनी निमूटपणे आपापल्या फायलींची नावं बदलली. वाजणारे फोन वाजत राहिले आणि न वाजणारे तसेच राहिले.

डिक्सन यांच्या युक्तीने कार्ड स्वस्त झालं, पण शहाणपणाचा भार ते बसवणाऱ्यावर पडला. डाडी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, येत नाही. तो बाहेरून आणून, त्या संगणकावर चालू असलेल्या कर्नलसाठी तिथल्या तिथे कंपाइल करावा लागतो. त्याला त्याच आवृत्तीच्या हेडर फायली लागतात. त्याच म्हणजे अगदी त्याच, जवळपासची चालत नाही. मग कधीतरी कोणी सुरक्षेच्या सद्हेतूने कर्नल अद्ययावत करतो. संगणक पुन्हा सुरू होतो, वेबसाइट उघडते, ईमेल येते, प्रिंटर कागद ओढतो. फोन तेवढे मुके. ऑफिस म्हणतं, लाइन डेड झाली, टेलिफोनवाल्यांना बोलवा. लाइनमन येतो, स्वतःच्या हातातला फोन तारेला लावतो, आपल्या कानाला धरून डायल टोन ऐकवतो आणि ‘लाइन ओके आहे साहेब’ म्हणून निघून जातो. त्याचं बरोबरच असतं; नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर कंपाइल करायचाच राहिलेला असतो.

ड्रायव्हर चढला की पुढची परीक्षा मानपानाची. टेलिफोनच्या तारेला दोन टोकं असतात. एका टोकाला एक्स्चेंज. ते वीज पुरवतं, डायल टोन देतं, घंटा वाजवतं. दुसऱ्या टोकाला फोन. त्याने उचललं जायचं आणि ठेवलं जायचं. कार्डावर हिरवं मॉड्यूल असेल तर ते एक्स्चेंजची भूमिका घेतं आणि त्याला साधा फोन जोडतात. लाल असेल तर ते फोनची भूमिका घेतं आणि त्याला बाहेरून आलेली लाइन जोडतात. हिरव्याचं नाव एफएक्सएस, लालचं एफएक्सओ. इथवर कुणाचं काही म्हणणं नसतं. पण सेटिंगच्या फायलीत एफएक्सओ मॉड्यूलपुढे लिहायचं एफएक्सएस आणि एफएक्सएसपुढे लिहायचं एफएक्सओ! नवखा माणूस ही छपाईची चूक समजून दुरुस्त करतो आणि फोन बंद पाडतो. चूक नसते, रीत असते. लग्नाच्या याद्या करताना मुलाकडचे स्वतःचा मानपान लिहीत बसत नाहीत, मुलीकडच्या कोणाला काय द्यायचं ते लिहितात, मुलीकडचेही तसंच. इथेही आपण कोण हे लिहायचं नसतं, समोर कोण आहे आणि त्याच्याशी कसं वागायचं ते लिहायचं असतं.

हिरव्या मॉड्यूलची आणखी एक अट असते. हार्ड डिस्कला लावतात तसली 12 व्होल्टची वायर कार्डालाही लावावी लागते. फोनची घंटा वाजवायला खराखुरा विजेचा जोर लागतो, तो स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर निघत नाही. इतकी वर्षं ही वीज एक्स्चेंजमधून येत होती, म्हणून गावाची बत्ती गेली तरी घरातला काळा फोन वाजायचा. आता आपणच एक्स्चेंज झालो, तेव्हा बत्तीची काळजी आपली.

मग देश सांगावा लागतो. सेटिंगची फाइल आपोआप तयार करून घेतली, तर ड्रायव्हर आपण अमेरिकेत आहोत असं धरून चालतो. अमेरिकेचा डायल टोन 350 आणि 440 हर्ट्‌झच्या दोन सुरांचा. आपला 400 हर्ट्‌झचा, त्याला 25 हर्ट्‌झची थरथर दिलेली. म्हणून तो जरा घसा बसल्यासारखा येतो. तिकडची घंटा दोन सेकंद वाजून चार सेकंद थांबते. आपली आधी दोनदा तुटक वाजते आणि मग दोन सेकंद दम घेते. फायलीत अमेरिकेच्या जागी भारताची दोन अक्षरं टाकली की रिसीव्हरमधून ओळखीचा आवाज येतो. ऑफिसातल्या ज्येष्ठांना हर्ट्‌झ कळत नाहीत, पण परका डायल टोन बरोबर कळतो. ‘हा आपला फोन वाटत नाही,’ असं ते म्हणतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते अचूक असतं.

सुरांची ही ओळख केवळ हौसेसाठी नसते. साध्या तांब्याच्या तारेवर समोरच्याने फोन ठेवला, हे संगणकाला कळेलच असं नाही. त्याला ऐकू येतो फक्त एंगेज टोन. माणूस तो ऐकून रिसीव्हर ठेवतो. संगणक मात्र, हा कोणी पाऊण सेकंद बोलून पाऊण सेकंद विचार करणारा गृहस्थ आहे असं समजून, त्याचं म्हणणं ऐकत बसतो. कॉल व्हॉइसमेलला गेला असेल तर ते सगळं श्रद्धेने रेकॉर्डही करतो, आणि तोवर लाइन अडकलेली. म्हणून एंगेज टोन कसा असतो आणि तो किती वेळा ऐकल्यावर उठावं, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. फोन करणाऱ्याचा नंबर कसा येतो, यातही देशोदेशीचे रिवाज वेगळे. आपल्याकडे तारेची धन-ऋण बाजू आधी उलटते आणि मग बटणांच्या सुरांत नंबर येतो. त्यासाठी नमुन्याच्या फायलीत भारताच्या नावाचा खास पर्याय आहे. अमेरिकेत लिहिलेल्या फायलीत आपल्या टेलिफोन खात्याच्या सवयीची अशी दखल घेतलेली पाहून ऊर थोडा भरून येतो.

मोठ्या ऑफिसात एकेक तार न घेता पीआरआय लाइन घेतात. आपल्याकडे ती ई1 पद्धतीची असते. एका जोडणीत 32 कप्पे: 30 बोलण्यासाठी, एक कोण कोणाला फोन करतंय त्या निरोपांसाठी आणि एक ताल धरण्यासाठी. इथे सगळ्यात नाजूक प्रश्न येतो, घड्याळ कोणाचं? फायलीतल्या एका आकड्यात हे ठरतं. 1 लिहिलं तर आपण टेलिफोन कंपनीच्या घड्याळाने चालायचं मान्य केलं. 0 लिहिलं तर तिचं घड्याळ धरायला आपण नकार दिला. दोघांनी स्वतःचंच घड्याळ खरं मानलं, तर लाइन बंद पडत नाही, त्याहून वाईट होतं: बोलताना मध्येच टक्‌ टक्‌ होते आणि फॅक्स अर्ध्यावर तुटतात. डाडी वेळेच्या बाबतीत इतका काटेकोर, की ॲस्टरिस्कची जुनी कॉन्फरन्स सोय त्याच्या ठोक्यावरच चालायची. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं, त्यांना नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर बसवावा लागे. तो कोणतीही लाइन चालवत नसे, नुसता ठोके देई. सरकारी कचेरीत असं पद आढळलं तर आपण हसलो असतो; इथे त्याच्यावाचून बैठक सुरू होत नसे.

शेवटचा पाहुणा प्रतिध्वनी. आपलं बोलणं आणि ऐकणं एकाच दोन तारांवरून जातं. पुढे ते वेगळं करताना थोडा आवाज परत फिरतो. पूर्वी तो इतक्या लगेच यायचा की वेगळा जाणवत नसे. संगणकाने आवाजाची पाकिटं करताना उशीर लावला, आणि आपलेच शब्द आपल्याला ऐकू येऊ लागले. माणसाला स्वतःचं बोलणं आवडतं असा समज आहे. तो खोटा ठरवायला एवढा प्रतिध्वनी पुरतो. त्यावर डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने ओस्लेक नावाचं प्रतिध्वनी पुसणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. हे पुसण्याचं काम सतत चालतं. कार्ड सेकंदाला 1000 वेळा प्रोसेसरला हाक मारतं आणि प्रत्येक हाकेत एकेका वाहिनीचे आवाजाचे आठ नमुने पुढे करतं. एखादी हाक हुकली तर कुठेतरी कुणाच्या तरी वाक्यातलं एखादं अक्षर खरवडलं जातं.

आता अशी कार्डं कमी होत चाललीत. लाइन इंटरनेटवरूनच येते. लाल-हिरवं मॉड्यूल नको, 12 व्होल्टची वायर नको. हे चांगलंच झालं. पण ही कार्डं ज्यांनी बसवली, त्यांना एक गोष्ट नक्की कळली. ज्या टेलिफोन खात्याला आपण जन्मभर नावं ठेवली, ते तारेच्या पलीकडे बसून वेळ, सूर, वीज आणि शिष्टाचार हे सगळं बिनबोभाट सांभाळत होतं. त्यातलं निम्मं जरी स्वतः जुळवावं लागलं, तरी तक्रारीचा आवाज बराच खाली येतो.

तुमच्या ऑफिसात असं एखादं कार्ड अजून चालू असेल, तर एवढंच करा. कारणाशिवाय कर्नलला हात लावू नका. लावावाच लागला तर हेडर आधी आणून ठेवा आणि डाडी त्याच बैठकीत पुन्हा कंपाइल करा. आणि काम झालं असं जाहीर करण्याआधी बाहेरून एक फोन लावा, बोला, आणि समोरच्याने ठेवल्यावर लाइन खरोखर सुटते का ते पाहा.