बेसा येथील निर्जंतुक गृहस्थ

नागपूरच्या दक्षिण अंगाला, जिथे काल-परवापर्यंत शेते होती आणि आज फ्लॅट स्कीमच्या पाट्या आहेत, त्या बेसा परिसरात नोकरदारांचे जे नाना प्रकार नांदतात, त्यांत वनस्पती आणि मायक्रोबायोम यांच्या संशोधनात खपणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ हा संख्येने तोकडा आणि शेजाऱ्यांना फारसा न उमगलेला प्रकार होय. वर्धा रोडवर १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची आणि मृदा सर्वेक्षणाची अशा दोन राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आहेत. तेव्हा झाडाच्या मुळाशी काय चालले आहे याची अधिकृत चौकशी करणारी माणसे या शहरात असणारच, आणि त्यांनाही कुठेतरी हप्त्यावर घर घ्यावेच लागणार.

मायक्रोबायोम म्हणजे एखाद्या ठिकाणी वस्तीला असलेल्या जिवाणू, बुरशी आदी सूक्ष्मजीवांचा अख्खा गोतावळा. मुळाला बिलगलेल्या ज्या एक-दोन मिलिमीटर मातीत तो विशेष दाट असतो, तिला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. सोसायटीतील ज्येष्ठांना मात्र लॅब म्हटली की एकच ठाऊक असते, आणि म्हणून रविवारी सकाळी ते रक्ताचे रिपोर्ट घेऊन या तंत्रज्ञाच्या दारात उभे राहतात. ‘भाऊ, उपाशीपोटीची शुगर एवढी काहून आली?’ या प्रश्नावर, आपण माणसाचे नव्हे तर संत्र्याचे आणि कपाशीचे नमुने तपासतो, असे तो सांगू लागला की काकाजी समजूतदारपणे मान डोलावतात आणि ‘बरं, मंग क्रिएटिनिन तरी पाहून द्या’ म्हणतात.

नमुना आणण्याच्या दिवशी या गृहस्थाचे खरे रूप दिसते. रोप उपटून झटकल्यावर जी माती मुळाला धरून राहते तेवढीच त्याला हवी असते, आणि ती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थंड राहावी लागते, कारण उबेत काही जिवाणू भराभर वाढतात, काही मरतात, आणि मग अहवाल बागेचा न राहता प्रवासाचा होतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतून परतताना थर्माकोलच्या डब्यातील बर्फ वितळला की तो रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबतो आणि रस न घेता नुसता बर्फ मागतो. ‘मासोळ्या आहेत काय?’ असे रसवंतीवाला विचारतो. ‘संत्र्याची मुळं’ हे उत्तर ऐकल्यावर तो पैसे आधी मागून घेतो.

एका ग्रॅम मातीतील जिवाणूंची संख्या कोटींच्या, कधी अब्जाच्या घरात जाते, आणि त्यांपैकी बहुसंख्य काचेच्या थाळीत वाढायला तयार नसतात. म्हणून त्यांना न वाढवताच मातीतून थेट डीएनए काढून त्यांची ओळख पटवतात. त्या डीएनएबरोबर ह्युमिक आम्लेही निघून येतात आणि ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, बंद पाडतात. नळीतील द्रव बिनदुधाच्या चहासारखा दिसला की ‘हा लागणार नाही’ असे तंत्रज्ञ सांगून टाकतो. संशोधक तरीही लावायला लावतात, तो लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्या अपयशाची सविस्तर कारणमीमांसा त्याच्याच समोर केली जाते.

त्याची सगळी विद्या अंगठ्यात असते. मायक्रोपिपेटच्या खटक्याला दोन थांबे असतात, पहिल्यापर्यंत दाबून मिलिलिटरचा हजारावा भाग उचलायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबून उरलेला थेंबही बाहेर काढायचा. हे करताना तो श्वास रोखतो, आणि ज्या नळीत थेंब पडला ती नळी स्टँडवर एक घर मागे सरकवतो, म्हणजे मध्येच कोणी बोलावले तरी हिशेब चुकत नाही. शेवटच्या नळीत डीएनएऐवजी नुसते पाणी असते, तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात, आणि तिच्यात काहीही दिसू नये यासाठी हा माणूस दिवसभर झिजतो. पीसीआरनंतरच्या तपासणीत तिच्या वाट्याला पुसटशी रेघ उमटली तरी बाकीच्या सगळ्या नळ्यांवरचा विश्वास उडतो.

ही शिस्त घरी आली की गोंधळ होतो. फ्रीजमधल्या विरजणावर तारीख आणि आद्याक्षरे असतात. कुकरच्या शिट्ट्या तो मोजत नाही, मिनिटे मोजतो, कारण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटे हेच त्याच्या लेखी शिजण्याचे एकमेव सभ्य माप असते. सावजी मटणाचा नवा मसाला आणला, तेव्हा वाटीभर रस्सा बिनमसाल्याचा वेगळा ठेवावा, म्हणजे तुलना करता येईल, असे त्याने सुचवले, आणि त्या वाटीचे पुढे काय करायचे हे आईने त्याला ज्या शब्दांत सांगितले ते या ग्रंथात देणे प्रशस्त नाही. वादळात बेशाची लाइन गेली की इतर लोक कूलर बंद पडला म्हणून हळहळतात. हा मात्र संस्थेच्या चौकीदाराला फोन लावून उणे ऐंशीच्या फ्रीजरचे जनरेटर सुरू झाले का ते विचारतो, आणि ‘झाले’ हा शब्द ऐकल्यावरच त्याला स्वतःचा घाम जाणवतो.

शोधनिबंधात त्याचे नाव आभारात येते, अनुदान देणाऱ्यांच्या नंतर आणि संदर्भसूचीच्या आधी, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’ एवढ्याच शब्दांत. निबंधातील आकडे दुसऱ्यांदा तसेच येतील की नाही हे पुष्कळदा त्याच्याच हातावर ठरत असते, तेव्हा ही जागा कमी आहे, असे येथे स्पष्ट नोंदवावेसे वाटते.

बेसा भागातील वाचकांना विनंती एवढीच, की त्यांनी रक्ताचे रिपोर्ट घेऊन त्याच्याकडे जाऊ नये. संत्र्याचे झाड वाळत असेल तर मुळाजवळची माती स्वच्छ पिशवीत घालून, थंड ठेवून, शक्यतो त्याच दिवशी न्यावी. खताच्या तपासणीसाठी वाळवतात तशी वाळवून नेऊ नये, आणि पिशवीवर तारीख अवश्य घालावी, नाहीतर तो दार उघडणार नाही.