दोन किल्ल्या, एकच खिसा

सरकारी खजिन्याला दोन कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अंमलदारांच्या स्वाधीन, हा जुना दस्तूर ज्यांनी योजला, त्यांना मनुष्यस्वभावाचे पुरेपूर ज्ञान असले पाहिजे. कारण दोघे मिळून लबाडी करण्यापूर्वी निदान एकदा तरी भांडतात. आज नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीचे असो वा लातूरच्या डाळगिरणीचे, सारे दप्तर व्यवस्थापकांच्या मोबाईलवर उघडते, आणि हवेतून जाणाऱ्या त्या मजकुरासाठी व्हीपीएनचा सांकेतिक भुयारी मार्ग, पासवर्ड व क्षणभंगुर ओटीपी असा त्रिविध बंदोबस्त असतो. परंतु भुयार वाटेचे रक्षण करते, हाताची ओळख पटवीत नाही, आणि येथे पासवर्ड शिपायाला मुखोद्गत, ओटीपी त्याच मोबाईलवर, व तो मोबाईल बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चार्जिंगला! चोराने केवळ चहाचे पैसे तेवढे प्रामाणिकपणे चुकते करावेत.