चोवीस तासांचा न्याय

आरोग्य विमा कंपन्यांना नावे ठेवण्याची आपल्याला सवयच लागली आहे. त्यात थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांचे आईवडील तक्रार घेऊन आले, की ऐकणाऱ्याचे मन लगेच विरघळते आणि कंपनीची बाजू ऐकायला कोणी उरत नाही. न्यायाला हे धरून नाही. ती बाजू सुजाण वाचकांपुढे यायला हवी.

या आजारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयारच करू शकत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि तेही जन्मभर. आता विमा हा अनिश्चिततेचा व्यवसाय. ठरल्या दिवशी नेमाने फिकट पडणाऱ्या मुलात अनिश्चित असे काय आहे? जेवून आलेल्यांनाच पंगतीत आग्रहाने बसवणाऱ्या यजमानाचे कोठार कधी रिकामे होत नाही. भागधारकांचे हित ज्याला कळते, त्याला हे शहाणपणही कळेल.

सर्वसाधारण पॉलिसीतील चोवीस तासांची अट तर विशेष गौरवास पात्र आहे. रुग्णालयात सलग किमान चोवीस तास दाखल असाल, तर तुम्ही आजारी. रक्त चढवायला येणारे मूल ही अट पाळतच नाही. आदल्या दिवशी क्रॉसमॅचसाठी नमुना देऊन ते सकाळी डबा आणि गृहपाठाची वही घेऊन हजर होते. हाताच्या त्याच त्या शिरांवर इतक्यांदा सुई गेलेली असते, की सिस्टर दोन्ही हात उलटसुलट करून नवी जागा शोधतात. मूल स्वतःच सांगते, इथे नको, इथली मागच्या वेळी फुगली होती. मग पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावून पिशवी टांगली जाते, तीन-चार तासांत संपते आणि संध्याकाळी मूल घरी खेळते. इतक्या लवकर बरे वाटणाऱ्याला रुग्ण कसे म्हणावे?

डे केअरचा मार्ग आहे, असे कोणी म्हणेल. कंपनीने त्याचाही विचार केलेला आहे. डे केअर उपचार म्हणजे भूल देऊन केलेला, आणि एरवी चोवीस तासांहून जास्त राहावे लागले असते असा उपचार. रक्त चढवताना मुलाला भूल देत नाहीत. सुई टोचलेली त्याला पूर्ण कळते. त्या कळण्यामुळेच क्लेम बाद होतो, हे आईवडिलांनी समजून घ्यायला हवे. याउलट रक्त देणे लांबवले, हिमोग्लोबिन खूप उतरले, हृदयावर ताण येऊन मूल अतिदक्षता विभागात पोहोचले, तर चोवीस तासांची अट सहज पूर्ण होते. कंपनीचे दार बंद नाही. तिथवर धीर धरणारे पालक तेवढे मिळत नाहीत.

वारंवार चढवलेल्या रक्तातून लोह साठते. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये जाऊन बसते. ते उतरवायला डेफेरासिरॉक्ससारखी गोळी रोज घ्यावी लागते. पाण्यात विरघळवायची, उपाशीपोटी प्यायची, तळाशी राहिलेला गाळ पुन्हा थोडे पाणी घालून तोही प्यायचा. मूल जसजसे वाढते, तसतसा डोस वाढतो आणि औषधाचे बिलही. हा सगळा खटाटोप घरच्या ओट्यापाशी चालतो. स्वयंपाकघराला रुग्णालय मानण्याची वेळ कोणत्याही जबाबदार कंपनीवर येऊ नये.

पॉलिसी घेतानाची नीतिमत्ताही वाखाणण्यासारखी आहे. प्रस्ताव अर्जात आजार खरा खरा लिहिला, तर अर्ज परत येण्याची वाट मोकळी. लपवला, तर पुढे क्लेम फेटाळायला सबळ कारण. सत्य आणि असत्य यांना इतकी समान वागणूक आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच मिळते. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा २०२४ मध्ये विमा नियामकाने अठ्ठेचाळीस महिन्यांवरून जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांवर आणली. तीन वर्षेच तर थांबायचे, तेही पॉलिसी मिळाली तर! महिन्याला एक पिशवी धरली तरी तेवढ्यात जेमतेम छत्तीस पिशव्या होतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये जनुकीय आजार सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले. नियामकानेही त्याच वर्षी कंपन्यांना तशी समज दिली. त्याआधी, २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना अपंगत्वाच्या यादीत बसवले होते. या सगळ्या भावनिक वातावरणात चोवीस तासांचे घड्याळ निश्चल राहिले, यातच त्याची थोरवी आहे.

उतावीळपणाची उदाहरणे आपल्याकडे आहेतच. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो, पण खर्च लाखांत. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. अशा बेभरवशाच्या कामाला कोल इंडिया २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत देते. ज्यांचा धंदाच आरोग्याची जोखीम उचलण्याचा, ते हिशेब चोख ठेवून बसलेले असताना, जमिनीखालून कोळसा काढणाऱ्यांनी मुलांच्या रक्ताची काळजी वाहावी, हे फारच अव्यापारी वाटते.

कुटुंबाच्या पदरात काहीच पडत नाही, असेही नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत थॅलेसेमियावरच्या खर्चासाठी चाळीस हजारांपर्यंत वजावट मिळते. विमा कंपनीने खर्च भरून दिला, तर तेवढी रक्कम त्या वजावटीतून कापली जाते. म्हणजे क्लेम नाकारून कंपनीने करदात्याची वजावट शाबूत ठेवली, आणि तीही कसलाही हप्ता न वाढवता. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी जुनीच पद्धत निवडावी, विशेषज्ञाची चिठ्ठी जपून ठेवावी आणि नाकारलेल्या क्लेमचे पत्रही त्याच फाइलला लावून ठेवावे.